"ट्यूलिप एकदा लावा, आयुष्यभर फुलं बघा" – नाही हो, असं होत नाही

हल्ली इथल्या, म्हणजे नेदरलँड्समधल्या, मराठी ग्रुप्सवर आणि पुण्या-मुंबईच्या बागवाल्यांच्या ग्रुप्सवरही एक पोस्ट जोरात फिरतेय. म्हणणं थोडक्यात असं की नेदरलँड्समध्ये लोक ट्यूलिप एकदाच लावतात आणि तोच कंद पिढ्यानपिढ्या फुलत राहतो, जात कुठलीही चालते, फुलं गेली की पानं कापून टाकायची नाहीतर वेणी घालून बांधायची, उन्हाळ्यात रोज पाणी द्यायचं, दरवर्षी नवीन कंद विकणं ही दुकानदारांची चलाखी आहे, आणि 15 दिवस फ्रिजमध्ये ठेवला तर पुण्यातसुद्धा दरवर्षी येतो. मी ॲमस्टलव्हेनला राहते, घरामागे छोटीशी बाग आहे आणि ट्यूलिपवर माझा फार जीव आहे. असं काहीतरी वाचून लोक चांगले पैसे घालतात, दुसऱ्या वर्षी फूल येत नाही आणि मग "आपल्या हाताला गुणच नाही" म्हणून गप्प बसतात, ते मला बघवत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिलं, "तोच कंद". तोच कंद कधीच नसतो. जूनमध्ये पानं पिवळी पडली की एक रोप हलक्या हाताने खणून बघा. जुन्या कंदाच्या जागी तपकिरी, कागदासारखी रिकामी साल सापडते, बोटात धरली की तिचा चुरा होतो, आणि तिला चिकटून नवीन कंद असतात, एखादा मोठा आणि बाजूला दोन-तीन बारके. जुना कंद फूल देण्यात संपून गेलेला असतो. म्हणजे पुढच्या वर्षी फूल येणार की नाही हे सगळं ह्या नवीन कंदांच्या आकारावर. आपण दुकानातून आणतो तो चांगला कंद साधारण 12 सेंटिमीटर घेराचा असतो. घेर फारच कमी भरला, सहा-सात सेंटिमीटरच्या आसपास, तर बहुतेक वेळा तो कंद एक रुंद पान काढतो आणि बस. दुसऱ्या वर्षी "नुसतं पानच आलं" अशी तक्रार इतके जण करतात ना, त्यांचा कंद मेलेला नसतो, तो तीन-चार बारक्या कंदांत वाटला गेलेला असतो.

आता जातीचं. कुठलीही चालते हे साफ चूक, आणि सगळ्यात जास्त निराशा इथेच होते. सुपरमार्केटात मिक्स रंगांच्या पिशव्या मिळतात त्यातले बरेचसे ट्रायम्फ प्रकारचे, पहिल्या वर्षी देखणे, पुढच्या वर्षी अर्धेमुर्धे, मग गायब. झालरीचे, पॅरट, डबल पाकळ्यांचे, ते तर एका वर्षाचे समजूनच लावावेत. परत येणाऱ्यांत भरवशाचे म्हणजे डार्विन हायब्रिड. लेफेबर नावाच्या डच संकरकाराने 1940 च्या दशकात जुने डार्विन ट्यूलिप आणि मध्य आशियातला लालभडक फॉस्टेरियाना ह्यांचा संकर करून ही जात आणली, त्यातला लाल आपलडोर्न 1951 चा आहे आणि आजही मिळतो. पिवळा गोल्डन आपलडोर्न, पिंक इम्प्रेशन हे पण त्याच घरातले. नीट जागा मिळाली तर चार-पाच वर्षं फुलतात.

आणि खरंच वर्षानुवर्षं राहायला हवेत तर छोटे, मूळ रानटी जातीचे घ्या. टार्डा (वीतभर उंच, पिवळा-पांढरा चांदणीसारखा), क्लुसियाना, तुर्कस्तानिका, प्रेस्टान्स. हे स्वतःहून वाढत जातात. इथल्या काही जुन्या हवेल्यांच्या बागांत सिल्व्हेस्ट्रिस नावाचा पिवळा ट्यूलिप शतकानुशतकं आपोआप येतोय, तेव्हा "पिढ्यानपिढ्या" हे त्याच्यापुरतं खरं आहे. पण त्याचा फोटो कुणी टाकत नाही हो, फोटो असतो मोठ्या लाल-गुलाबी हायब्रिडचा आणि गुण सांगितलेले असतात ह्याचे.

पानं कापायचा सल्ला वाचून तर मला खरंच राग येतो. नवीन कंद भरतो तो फूल गळल्यानंतरच्या साधारण सहा आठवड्यांत, आणि भरतो तो पानांच्या जिवावर. तेव्हाच पानं कापली की संपलं, वेणी घातली तरी निम्म्या पानाला ऊन मिळत नाही. कापायचं ते फक्त वरचं बोंड, बी धरायच्या आत, देठ आणि पानं तशीच ठेवायची आणि पूर्ण पिवळी पडून ओढल्यावर सहज हातात येईपर्यंत थांबायचं. एप्रिल-मेमध्ये नोर्डओस्टपोल्डरला, म्हणजे इथल्या ट्यूलिप शेतीच्या भागात, गेलात तर शेतात हेच दिसेल, मशीन येतं आणि ऐन बहरातल्या फुलांची डोकी छाटून जातं. पहिल्यांदा बघताना पोटात कालवतं अगदी. पण ते शेत फुलांसाठी लावलेलंच नसतं, कंदांसाठी असतं, म्हणून फूल जातं आणि पानं राहतात.

उन्हाळ्यात रोज पाणी, हे उलटंच आहे. ट्यूलिप मूळचा मध्य आशियातल्या तिएन शान, पामीरकडच्या डोंगरांतला, तिथे हिवाळा कडाक्याचा आणि उन्हाळा कोरडा, तापलेला. पुढच्या वर्षीचं फूल कंदाच्या आत त्या उबदार कोरड्या दिवसांतच तयार होतं (शरद ऋतूत एखादा कंद उभा चिरून बघा, आत इवलंसं फूल दिसतं, पुंकेसरांसकट). आमच्या इथल्या चिकट मातीत वर पाऊस आणि त्यावर स्प्रिंकलर म्हणजे कंद कुजायलाच ठेवला. म्हणून उंचवट्यावर, भरपूर ऊन, मातीत जाडी वाळू-खडी, आणि 20 सेंटिमीटर खोल. नाही जमत तर जूनअखेर काढून, वाळवून, जाळीच्या पिशवीत टांगून ठेवायचे आणि नोव्हेंबरमध्ये परत लावायचे. त्यातले मोठेच पुढे लावा, बारके एका कोपऱ्यात वाढू द्या.

राहिली दुकानदारांची चलाखी. क्यूकेनहॉफ ह्या इथल्या प्रसिद्ध ट्यूलिप बागेचे फोटो पुरावा म्हणून टाकलेत त्या पोस्टमध्ये. अहो, तिथे दर शरद ऋतूत सुमारे 70 लाख कंद हाताने नव्याने लावतात, 32 हेक्टरांत, आणि सीझन संपला की काढतात. ती बाग 1950 पासून लोकांसाठी खुली आहे आणि तिथे गेल्या वर्षीच्या कंदावर कुणी विसंबत नाही. दिल्लीत शांतिपथावर फेब्रुवारीत ट्यूलिप दिसतात तेही बहुतेक इथून मागवलेले, आधीच थंडी दिलेले कंद असतात.

आणि पुणे. 15 दिवसांनी काही होत नाही, कंदाला 12 ते 14 आठवडे थंडी लागते, कागदी पिशवीत, फ्रिजमध्ये, आणि सफरचंद-केळ्यांपासून लांब, कारण पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या वायूने आतलं फूल मरतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ठेवलेत तर जानेवारीत कुंडीत लावता येतील आणि एकदा फुलतीलही, ते जरूर करून बघा, फार आनंद होतो. पण पुण्यात पहाटे 10-12 डिग्री असलं तरी दुपारी 28-30 होतं, पानं भराभर पिवळी पडतात आणि नवीन कंद भरतच नाही. त्याच कुंडीत पुढच्या वर्षी परत येणारच असं काही हवं असेल तर भुईचाफा लावा, मे महिन्यात उघड्या मातीतून नुसती फुलंच वर येतात, किंवा निशिगंध नाहीतर फुटबॉल लिली. ट्यूलिपचे कंद घेताना मात्र ते एका वर्षासाठीच घेतोय असं धरूनच पैसे मोजा, आणि विकणारा "दरवर्षी येईल" म्हणाला तर त्याला जातीचं नाव आणि कंदाचा घेर विचारा.