अभिनंदन, तुमची बोलेरो परदेशी गेली!

पोरगं परदेशी गेलं की आपल्याकडे चौकात फ्लेक्स लागतो. तुमची तर बोलेरो गेली, तीही पासपोर्ट न काढता. तेव्हा तोंड पाडून बसू नका. नेपाळात सापडलेली गाडी सांगलीला परत कशी आणावी, हा सल्ला तो मनस्ताप भोगलेल्या, खरं तर अजून भोगत असलेल्या माणसाचा आहे. फुकट आहे, घ्या.

आधी चोराचे आभार माना. विश्रामबागेतून रात्री उचललेली गाडी त्याने थेट बिहारात, नेपाळच्या सरहद्दीवरच्या रक्सौलला नेली आणि वाटेतल्या टोलनाक्यांवर तुमच्या फास्टॅगातून पैसे कापल्याचे मेसेज तुम्हाला येत राहिले. कुठला नाका, किती वाजता, किती रुपये. एवढा हिशेब घरातला माणूस देत नाही. आता हे मेसेज घेऊन ठाण्यात पळत सुटाल, तर थांबा. "त्यो सायबरचा विषय हाय, हितं न्हाई," एवढं ऐकायला पळायची गरज नाही. तोवर गाडीने पुढचा नाका ओलांडलेला असतो.

उत्तर प्रदेशातून सीटबेल्टचं ई-चलन येईल. भरून टाका, चोराच्या जिवाची काळजी आपणच घ्यायची.

चेसिस नंबरचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरचा, पेन्सिलने घेतलेला ठसा गाडी दारात असतानाच काढून देवघरात ठेवा. गाडी गेल्यावर तोच मागतात.

मग एक दिवस कळतं की वीरगंजला नेपाळ पोलिसांनी एक बोलेरो अडवली, लाल पाटीवर पांढऱ्या देवनागरी अक्षरांत तिकडचा नंबर, पण चेसिस नंबर तुमचा. (आपल्याकडे देवनागरीत नंबर लिहिला की पावती फाडतात, तिकडे चोरसुद्धा मातृलिपी जपतो.) नेपाळात नव्या गाडीवर तिच्या किमतीहून जास्त कर बसतो, त्यामुळे आपल्या बोलेरो-स्कॉर्पिओंना तिथे फार मान. गाडी सापडली म्हणून पेढे वाटायचे असतील तर त्याच दिवशी उरका, कारण दुसऱ्या दिवशी विमा कंपनीत जायचं आहे.

विमावाले म्हणतात, गाडी सापडली, मग चोरीचा क्लेम कसला? पोलीस म्हणतात, सापडली खरी, पण आमच्या हद्दीत नाही. क्लेमला 'अ समरी' लागते, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही, असा कोर्टाने मान्य केलेला अहवाल. तो मिळत नाही, कारण तपास लागला! थोडक्यात गाडी सापडली म्हणून पैसे नाहीत आणि मिळत नाही म्हणून गाडी नाही. या सगळ्या घोळात मनाने स्वच्छ एकटी बँक. गाडी कुठल्याही देशात असो, हप्ता पाच तारखेला.

आता नेपाळ पोलिसांचं पत्र. ते शांत डोक्याने कुणाला दाखवता येईल, असं समजू नका. पत्र नेपाळीत, लिपी आपलीच, 'सवारी साधन', 'चोरी', 'प्रहरी' सगळं वाचता येतं. ठाण्यातल्या आमच्या साहेबांनी वाचलं आणि बाजूला सारलं. का? तारीख. पत्रावर २०८१ सालचा फागुन महिना. "ह्ये पत्र अजून छप्पन्न वर्सांनी येणार हाय," म्हणाले आणि शेजारचे दोघे हसले. मी सांगितलं, साहेब, नेपाळात सरकारी काम विक्रम संवतात चालतं. "त्यांचं तिकडं चालत आसंल." अहो, याच सांगलीत मार्केट यार्डातले व्यापारी दिवाळीच्या पाडव्याला विक्रम संवत बदलून वही पूजतात. साहेबांच्या डोक्यामागे टांगलेल्या दिनदर्शिकेवरही विक्रम संवत छापलेला होता. मान वळवली असती तर दिसला असता! पण मान वळली नाही. "इंग्रजी तारखेचं पत्र आणा." कुणाकडून आणू? वीरगंजच्या फौजदाराला फोन करून सांगू, की बाबा, सांगलीकरांसाठी तुमचं पंचांग बदला? मग त्याच साहेबांनी प्रमाणित भाषांतर मागितलं. तारीख तेवढी वाचता आली नाही म्हणून आख्ख्या पत्राचं भाषांतर!

घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करून घ्या, नेपाळची वेळ तेवढी पुढे आहे. तुमच्या प्रकरणात तेवढंच काय ते पुढे सरकेल.

धीर सुटला तर स्वतः जाऊन या. कुर्ल्याहून रक्सौलला रेल्वे आहे, पुढे टांगा किंवा ई-रिक्षा मैत्री पूल ओलांडून वीरगंजला सोडते. भारतीयाला व्हिसा लागत नाही. वीरगंजला आपला वाणिज्य दूतावासही आहे, माणसं नीट बोलतात आणि नीटच सांगतात की मागणी भारतातून अधिकृतपणे यायला हवी. तिथल्या पोलिसांच्या आवाराच्या भिंतीवरून आपली गाडी बघता येते. मागच्या काचेवर 'आईची कृपा' तसंच आहे.

अधिकृत म्हणजे कसं, तर सांगलीच्या ठाण्यातून अधीक्षक कार्यालय, तिथून पुण्याला सीआयडी, तिथून दिल्लीला सीबीआय, कारण भारतात इंटरपोलचं काम सीबीआय बघते, मग काठमांडू आणि शेवटी वीरगंज. चोरीच्या वाहनांची स्वतंत्र यादी इंटरपोलकडे आहे, पण आपला चेसिस नंबर तिथे आपोआप जात नाही, कुणीतरी पाठवावा लागतो. हा प्रवास लवकर व्हावा म्हणून २०२५च्या जानेवारीत केंद्राने 'भारतपोल' नावाचं पोर्टल सुरू केलं. त्याचं नाव काढलं तेव्हा मला "निवडणुकीचं काम तहसीलला" असं सांगण्यात आलं.

आणि इथे माझी थट्टा संपते, साहेब. चोर कागदाशिवाय सरहद्द ओलांडतो, त्याला कुणी अडवत नाही. ज्याच्या नावावर आरसी बुक आहे, हप्ता आहे, चलनसुद्धा आहे, त्यालाच प्रत्येक टेबलावर 'गाडी तुमचीच कशावरून' असं विचारता? उद्या ती गाडी आलीच, तर मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात वेल चढेपर्यंत उभी कराल. जप्त वाहनं अशी सडवू नका, पंधरा दिवस ते महिन्याच्या आत निकाली काढा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितलंय. वाचलंय का कुणी? लाज नाही वाटत? नेपाळच्या हवालदाराने परक्या देशातल्या माणसाची गाडी अडवली, नंबर घासून पुसून तपासला, पत्र लिहिलं. त्याचं काम त्याने केलं. तुमचं काम एक ईमेल पाठवायचं आहे. भाषांतर जोडलंय, इंग्रजी तारीख घातलीय, चेसिस नंबर मोठ्या अक्षरात लिहिलाय. जावक क्रमांक टाका, सही करा आणि ते पत्र पुण्याला पाठवा. आजच.