स्टीव्ह अर्विनबद्दलचा तो मेसेज पुढे पाठवू नका

काल रात्री मीच ग्रुपवर टाकलेला मेसेज, की टीव्हीवर मगरी पकडून दाखवणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह अर्विनला (तो ‘क्रोकोडाइल हंटर’वाला) मगरीनेच मारलं, मग बायको मुलांना घेऊन कायमची अमेरिकेला गेली आणि त्यांचं झू बंद पडलं. हे चुकीचंय, न बघता फॉरवर्ड केलं, सॉरी.

स्टीव्ह गेला ४ सप्टेंबर २००६ ला, क्वीन्सलँडच्या बॅट रीफवर, समुद्रात शूटिंग चालू असताना. मगर नव्हतीच तिथे, स्टिंगरेचा काटा छातीत घुसला. आपल्या कोकणात पाकट म्हणतात ना, तोच प्रकार, शेपटीच्या काट्याला कोळीसुद्धा जपून असतात.

आणि बायको टेरी, ती मूळची अमेरिकेचीच (बहुतेक इथूनच कुणीतरी गोष्ट रचली), पण ती ऑस्ट्रेलियातच राहिली आणि २००९ मध्ये तिथलं नागरिकत्वही घेतलं. बीरवाचं ऑस्ट्रेलिया झू चालू आहे, सोबत प्राण्यांचं हॉस्पिटलपण. बाप गेला तेव्हा बिंडी ८ वर्षांची आणि रॉबर्ट तर ३ चाही नव्हता, आता दोघं तिथेच काम करतात, बिंडीचं लग्नही २०२० मध्ये झूमध्येच झालं, कोविडमुळे पाहुण्यांशिवाय. रॉबर्टने २०१९ मध्ये दोन फोटो शेजारी शेजारी टाकलेले, एकात बाप ‘मरे’ (Murray) नावाच्या मगरीला खाऊ घालतोय, दुसऱ्यात १५ वर्षांनी तो स्वतः, जागा तीच, मगर तीच, उभं राहायची ढबपण तीच.

हे सगळं त्यांच्या झूच्या साइटवर आणि तेव्हाच्या बातम्यांत आहे, मी आज सकाळी बसून बघितलं. माझा मेसेज पुढे पाठवला असेल तर प्लीज डिलीट करा आणि ज्यांना पाठवलाय त्यांनाही हे कळवा.