भाषेवर खापर फोडू नका

"घरात मराठी, शेजारी गुजराती, टीव्हीवर हिंदी. पोरगं गोंधळलंय हो, बोलेल हळूहळू." आमचा लेक बोलेना, तेव्हा वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात राहून हे इतक्या जणांकडून ऐकलंय! एका प्लेग्रुपच्या बाईंनी तर घरात मराठी बंदच करा म्हणून सांगितलं. झालं, दुसऱ्या दिवसापासून सासूबाई नातवाशी मोडक्यातोडक्या हिंदीत बोलायला लागल्या. त्यांना बघवेना, आणि मलाही.

अहो, वडोदऱ्यात मराठी घरांतली पोरं पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही भाषा बोलतच मोठी झाली. ऑटिझम, म्हणजे मेंदूच्या वाढीतला असा फरक की मुलाचं बोलणं, मिसळणं वेगळं पडतं, तो दोन भाषांमुळे होत नाही. शब्द मोजायचे तर सगळ्या भाषांतले मिळून मोजा. मूल दोन वर्षांचं झालं आणि दोन शब्द जोडून कुठल्याच भाषेत बोलत नसेल, तर डॉक्टरांना दाखवायला न्या.

शिवाय प्रश्न फक्त बोलण्याचा नसतो. आमचा लेक फ्रिजकडे बोट दाखवायचा नाही. माझं मनगट धरून ओढत न्यायचा आणि माझाच हात हँडलवर ठेवायचा. माझ्या तोंडाकडे बघायचाही नाही. आता बोट दाखवायला कुठली भाषा लागते, सांगा?

हाक मारली तर ढिम्म, पण बिस्किटाचा पुडा वाजला की पळत हजर. म्हणजे कान ठणठणीत, असं समजून कानांची तपासणी टाळू नका. बेरा ही ऐकू येतं का ते बघणारी टेस्ट लहान मुलांची झोपेत करतात, म्हणून आदल्या रात्री त्याला जागं ठेवायचं होतं. सासरे पेटी काढून बसले, अख्खी आळी जागी!

ऑटिझमचं निदान रक्ताच्या रिपोर्टवरून होत नाही. डॉक्टर मुलाशी खेळून बघतात, आईबापांना खोदून खोदून विचारतात. एम-चॅट या आईबापांनी भरायच्या प्रश्नावलीचे 20 प्रश्न 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी असतात, पण ती नुसती चाळणी. त्यात पास झालं तरी मनात शंका असेल तर विचारा. खाजगीतला खर्च झेपत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून सरकारी तपासणी मोफत आहे. अंगणवाडीत चौकशी करा. आणि पक्कं निदान व्हायला वेळ लागत असेल, तर तोवर स्पीच थेरपी अडवून ठेवू नका.

डॉक्टरांकडे जाताना मोबाइलवर घरातले दोन-चार व्हिडिओ न्या. दवाखान्यात मूल नेमकं शहाण्यासारखं वागतं, नाहीतर नुसतं रडतं.