बटाटे उन्हात ठेवून ‘शुद्ध’ करणाऱ्यांनो

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. वर तीन लाल दिवे, खाली ‘जमिनीखालचे विष ओळखा’ असं ठळक शीर्षक आणि मग मुद्द्यांची रांग. म्हणणं थोडक्यात असं: जमिनीखाली वाढणाऱ्या भाज्यांना सूर्यप्रकाश मिळत नाही, म्हणून त्यांत प्राणशक्ती नसते. बटाटा, रताळं, गाजर, बीट, सुरण, अळकुड्या, सगळं रक्तातली साखर भडकवणारं विष. एक बटाटा म्हणजे सहा चमचे साखर. कुकरमध्ये उकडला की कॅन्सर. हे सगळं सोडा, एकवीस दिवसांत मधुमेहाची गोळी सुटते. आणि बटाटा सोडवतच नसेल तर तो आठ दिवस उन्हात ठेवून ‘सूर्यशुद्ध’ करा, साल हिरवी झाली की कच्चा किसून रस काढा आणि अनशापोटी घ्या, मूतखडासुद्धा विरघळतो. तळाला एका पावडरीसाठी मोबाईल नंबर.

एरवी मी असले मेसेज न वाचता उडवते. पण हा लालबागच्या माझ्या मावशीने मनावर घेतला. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई, एकटी राहते, मधुमेह जुना. फोनवर अगदी सहज म्हणाली, “अगं, बटाटे गॅलरीत उन्हाला घातलेत, हिरवे व्हायला लागलेत बघ छान. आणि गोळी बंद केलीय, बघूया.” छान! म्हणून हा उद्योग. मेसेज कुटुंबाच्या ग्रुपवर टाकणाऱ्या आमच्या थोर भाचेमंडळींनीही वाचावा.

सगळ्यात आधी ते हिरवे बटाटे, कारण बाकी सगळं मूर्खपणाचं असलं तरी हे धोक्याचं आहे.

बटाट्यावर उजेड पडला की साल हिरवी होते. तो हिरवा रंग पानांत असतं तेच हरितद्रव्य, ते निरुपद्रवी. पण उजेडाने बटाट्यात आणखीही एक गोष्ट वाढते. सोलानिन आणि चाकोनिन ही कडू द्रव्यं बटाटा स्वतःच्या बचावासाठी तयार करतो, किडीने आणि जनावरांनी खाऊ नये म्हणून. साल, डोळे आणि कोंब यांत ती जास्त. साधारणपणे किलोमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं असं धरतात, आणि चांगला, अंधारात ठेवलेला बटाटा त्याच्या बराच खाली असतो. हिरवा पडलेला, कोंबाळलेला बटाटा ती मर्यादा ओलांडू शकतो. मग मळमळ, उलट्या, पोटात मुरडा, जुलाब. म्हणजे मेसेज लिहिणाऱ्याने ज्याला ‘सूर्यतत्त्व’ म्हटलंय, ते बटाट्याचं कीटकनाशक आहे.

आणि हे काही मी अंदाजाने सांगत नाही. १९६९ साली लंडनमधल्या एका शाळेत दुपारच्या जेवणानंतर ७८ मुलं आजारी पडली, त्यांतल्या १७ जणांना इस्पितळात न्यावं लागलं. उन्हाळ्याच्या सुट्टीआधीपासून पडून राहिलेल्या पोत्यातले बटाटे त्या दिवशी वापरले होते. यावरचा वैद्यकीय अहवाल १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात संशय याच द्रव्यावर ठेवलाय. मुलं सगळी बरी झाली. पण लक्षात घ्या, ते बटाटे शिजवलेले होते. उकडल्याने सोलानिन जात नाही, पाण्याच्या उकळीला ते दाद देत नाही. मग कच्च्या रसाचं काय विचारता? तोही अनशापोटी, तोही पंचाहत्तरीच्या माणसाने.

मावशीला मी फोन चालू असतानाच एक बटाटा हातात घ्यायला लावला. नखाने साल खरवड म्हटलं. सालीखाली हिरवा पट्टा निघाला, चांगला जाड. “जिभेला टोक लाव आणि थुंकून टाक.” लावलं. “कडू गं, घशाशी जळजळतंय.” तेच ते. थोडासा हिरवेपणा असेल तर जाड साल काढून, डोळे खोल कोरून बाकीचा बटाटा वापरता येतो. खूप हिरवा, सुरकुतलेला, कडू लागणारा असेल तर सरळ कचऱ्यात. उजेड उन्हाचाच हवा असंही नाही, ट्यूबलाइटखाली आठवडाभर पडलेले बटाटेही हिरवे होतात, म्हणून गाडीवरून घेताना वरचे न घेता खालचे उपसून घ्यावेत. भाजीवाला कटकट करतो, करू दे.

मूतखडा विरघळणं राहिलं बाजूला, ज्यांची मूत्रपिंडं अधू आहेत त्यांना हा रस धोक्याचाच. बटाट्यात पोटॅशियम भरपूर. ज्यांची मूत्रपिंडं अधू झालीत त्यांना डॉक्टर बटाट्याच्या बारीक फोडी करून, भरपूर पाण्यात उकडून, ते पाणी फेकून द्यायला सांगतात, कारण पोटॅशियम पाण्यात उतरतं. कच्चा रस म्हणजे ते सगळं पोटॅशियम पेल्यात. आणि वर्षानुवर्षं मधुमेह असलेल्यांतच मूत्रपिंडं अधू झालेले जास्त. म्हणजे हा सल्ला नेमका ज्यांनी पाळू नये त्यांच्याच हातात पोचतोय.

आता गोळी. मावशी घेते ती मेटफॉर्मिन, या आजारातली अगदी नेहमीची. ती मुख्यतः यकृतावर काम करते. आपण झोपलेले असताना यकृत रक्तात साखर सोडत असतं, मधुमेहात ते जरुरीपेक्षा जास्त सोडतं, आणि गोळी त्याला आवर घालते. सकाळची उपाशीपोटीची साखर बरीचशी त्यामुळे वाढलेली असते. आदल्या दिवशी तुम्ही गाजर खाल्लंत का, याच्याशी यकृताला काय देणंघेणं? वजन उतरवून, जेवण सुधारून काहींच्या गोळ्या कमी होतात, हे खरं आहे. पण त्या डॉक्टर कमी करतो, रिपोर्ट बघून. लाल दिवे लावलेला मेसेज बघून नाही.

‘जमिनीखालचं’ ही कसोटी कोणी काढली, देव जाणे. सूर्यप्रकाश मिळत नाही म्हणे. अरे, बटाट्यातला पिठूळपणा येतो कुठून? वरची पानं उन्हात साखर तयार करतात आणि खाली पाठवतात, तीच तिथं पिष्ट म्हणून साठते. बटाटा म्हणजे साठवलेलं ऊनच की. आणि गंमत पाहा, याच मेसेजमध्ये शेवटी आलं आणि ओल्या हळदीचा काढा सांगितलाय. ती काय फांद्यांना लागते? कांदा, लसूण, भुईमूग सगळे जमिनीखालचे. मेसेजवाल्याच्या फोडणीत लसूण नसते असं मानायला मी तयार नाही.

साखरेचंच बोलायचं तर आकड्यात बोलू. २००८ मध्ये ‘डायबेटिस केअर’ या नियतकालिकात पदार्थांच्या ग्लायसेमिक इंडेक्सचं आंतरराष्ट्रीय कोष्टक आलं. कुठला पदार्थ रक्तातली साखर किती झपाट्याने चढवतो हे त्यात दिसतं, ग्लुकोज म्हणजे १००. त्यातले सरासरी आकडे: उकडलेलं गाजर ३९. अळकुडीच्या जातीचा कंद ५३. उकडलेलं रताळं ६३. आता जमिनीच्या वर या. लाल भोपळा ६४. पांढरा भात ७३. कलिंगड ७६. सांगा आता, वरचं अमृत आणि खालचं विष कुठे राहिलं? गाजर हलव्यात साखर वाढवतं, कारण त्यात साखर घातलेली असते. कोशिंबिरीतल्या गाजराला कोर्टात उभं करू नका.

हे आकडे जात, शिजवणं, सोबत काय खाल्लं यांनी खालीवर होतात, हेही सांगते. बटाट्याचे वेफर्स त्याच कोष्टकात ५६ वर आहेत, कारण तेलाने पचन मंदावतं. म्हणून कोणी उद्या ‘वेफर्स खा, साखर घटवा’ असा मेसेज करू नये.

आणि उकडलेला बटाटा? ७८. भातापेक्षाही वर. घ्या, मान्य. मेसेजमध्ये एक दाणा खरा आहे तो हा. बटाटा मनात येईल तेवढा खायची गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटना रोज किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खा म्हणते, तेव्हा बटाटा, रताळं आणि तसले पिठूळ कंद त्यातून वगळते. म्हणजे बटाटा भाजीच्या खात्यात जमाच होत नाही. तो भाताच्या, पोळीच्या खात्यात.

आपल्या घरांत घोळ होतो तो इथं. ताटात पोळी, पुढे भात आणि ‘भाजी’ म्हणून बटाट्याची पिवळी भाजी. म्हणजे पिष्टाबरोबर पिष्ट, वर पिष्ट, आणि भाजी शून्य. वडापावचंही तेच, पावात बटाटा आणि त्याला बेसनाचं पांघरूण. रोजचं जेवण असं झालं तर साखर चढणारच, आणि ती चढली की सगळा दोष बिचाऱ्या बटाट्यावर. हिशोब सोपा आहे. शंभर ग्रॅम बटाट्यात पंधरा-सतरा ग्रॅम पिष्ट, सत्तर-पंच्याहत्तर कॅलरी. घरची एक मध्यम पोळी पिष्टाच्या बाबतीत साधारण तेवढीच, थोडी जास्तच. ‘सहा चमचे साखर’ म्हणून घाबरवायचंच असेल तर पोळीचे चमचे का नाही मोजले? एक मध्यम बटाटा खाल्ला की एक पोळी कमी करायची, किंवा त्या दिवशी भाताला सुट्टी द्यायची. बटाट्यासोबत मेथी घाला, फरसबी घाला, मटकीच्या उसळीत दोन फोडी टाका. बाजूला काकडीची कोशिंबीर. झालं जेवण.

मावशीच्या हातचं सुक्या बोंबलातलं बटाट्याचं कालवण ज्याने खाल्लंय त्याला मी काय म्हणते ते कळेल. बोंबील तव्यावर शेकायचे, वास शेजारच्या बिऱ्हाडात पोचेपर्यंत, मग तुकडे करून कोमट पाण्यात धुवायचे. तेलात ठेचलेली लसूण, कांदा, मालवणी मसाला, बटाट्याच्या मोठ्या फोडी, बेताचं पाणी. फोड सुरीने टोचून बघायची, अर्धी शिजली की बोंबील आणि दोन आमसुलं. चार जणांच्या कालवणात दोनच बटाटे, आणि ते बोंबलाचं खारट पाणी पिऊन बसलेले. सोबत तांदळाची एक भाकरी. एकट्या बाईला परवडणारं, दात नसले तरी चावता येणारं, अर्ध्या तासात होणारं जेवण आहे हे. ते ‘विष’ म्हणून बंद करून ती काय खात होती? चहात बुडवून बिस्किटं. शुगर-फ्री लिहिलेली, म्हणजे मैद्याची.

धर्माचं थोडं. मेसेजमध्ये ‘आपल्या पूर्वजांनी कंद वर्ज्य सांगितले’ असंही ठोकून दिलंय. कुठल्या पूर्वजांनी? एकादशीला घराघरांत रताळ्याचा कीस आणि बटाट्याची भाजी होते, साबुदाणा तर टॅपिओका या कंदाचाच. ऋषिपंचमीच्या भाजीत सुरण आणि रताळं असतं. ऋषी काय खात, तर कंदमुळं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. जैन लोक कंद खात नाहीत, ते अहिंसेच्या तत्त्वाने. जमिनीतल्या असंख्य जीवांचा विचार त्यामागे आहे, रक्तातल्या साखरेचा नाही. मुंबईतल्या जैन पावभाजीत बटाट्याऐवजी कच्चं केळं पडतं, तेही पिठूळच. त्यांच्या व्रताचा मान ठेवावा, तो पावडर विकायला वापरू नये.

उरलेलं पटापट. सुरण आणि अळकुड्या खाजतात, कारण त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून हाताला तेल लावून चिरायचं, चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवायचं. हे मेसेजच्या आधीपासून सगळ्या आज्यांना माहीत आहे. मूतखड्याची खोड असेल तर बीट, सुरण डॉक्टरांना विचारून, ठीक. कुकरमध्ये कॅन्सर? अ‍ॅक्रिलामाइड या कॅन्सरचा संशय असलेल्या रसायनाचं नाव घेऊन घाबरवतात, ते १२० अंशांच्या वर कोरड्या उष्णतेत, तळताना-भाजताना तयार होतं. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २००२ साली ते खाद्यपदार्थांत सापडल्याचं जाहीर केलं. पाण्यात उकडलेल्या बटाट्याला त्याची भीती नाही, काळपट होईस्तोवर तळलेल्या काचऱ्यांना आहे. कच्चे बटाटे फ्रिजमध्येही ठेवू नका, थंडीने त्यांतल्या पिष्टाची साखर होते आणि मग तळताना ते लवकर करपतात. वेताच्या टोपलीत, वर गोणपाट, ओट्याखाली अंधारात. गॅलरीत नाही.

राहिली पावडर. महिन्याचा डबा, किंमत ‘फोनवर सांगू’. पॅकबंद खाण्याच्या वस्तूवर घटकांची यादी आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक छापणं बंधनकारक आहे. डब्याच्या फोटोत यातलं काहीच नाही, फक्त एक हसणारं जोडपं आणि तुळशीचं पान. तो नंबर मी मावशीच्या फोनवर ब्लॉक केलाय. गोळी त्याच रात्रीपासून पुन्हा सुरू आहे, आणि शनिवारी साखर तपासायला मी तिच्यासोबत जाणार आहे. येताना लालबागच्या बाजारातून बोंबील घ्यायचेत.