क्लचप्लेटांचं लोणचं

पसरणी घाटात माझी बुलेट नुसती ओरडायला लागली. मूठ पिळली की इंजिन गर्जायचं, आणि चाकाची आपली जेवणानंतरची शतपावली चालू. मागून आलेली एसटी सावकाश पुढे गेली. खिडकीतल्या आजींनी माझ्याकडे असं बघितलं, की वाटलं आता पिशवीतून केळं काढून देतात.

इंजिनाचा जोर चाकाकडे पोचवणाऱ्या क्लचप्लेटा झिजून संपल्या होत्या. ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर चालवायची माझी सवय त्यांना भोवली. गाडी १९७९ची. घराणं इंग्लंडातल्या रेडिचचं, जन्म मद्रासचा; गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. असल्या खानदानी गाडीला परका हात नको म्हणून (आणि मिस्त्री तीन आठवडे ‘उद्या या’ म्हणत होता म्हणून) काम घरीच काढलं.

नाना पेठेत दुकानदारानं विचारलं, “ओरिजिनल पाहिजे, का चालेल असं?”

“ओरिजिनल.”

“ते मिळत नाही,” म्हणत त्यानं ‘चालेल असं’ कागदात बांधलंसुद्धा.

डावीकडचा फूटरेस्ट आणि ब्रेकचा पाय काढला. क्लचवरच्या झाकणाला मधोमध एकच मोठा नट. तो सुटला, झाकण हललं आणि आतलं सगळं तेल ट्रे सोडून सकाळच्या रांगोळीत गेलं.

क्लचप्लेटांच्या मधल्या, पुन्हा वापरायच्या लोखंडी प्लेटा तापून निळ्या-जांभळ्या झाल्या होत्या. त्या वाकल्यात का, हे सपाट काचेवर ठेवून बघतात. घरात तशी काच एकच, लग्नाच्या फोटोची. प्लेट ठेवून कडेला बोट दाबलं तर टकटक वाजली. मग काचेवर पॉलिश पेपर पसरला आणि प्लेट घासायला घेतली. इंग्रजी आठाच्या आकारात घासायची. मराठी आठ काढला की एकच बाजू झिजते, हे अर्ध्या तासानं कळलं.

“अहो, फोटोची काच कुठंय?”

“प्लेट सरळ आहे का बघतोय.”

“काच सरळच आहे. फोटोतला माणूस वाकडा निघाला.”

नव्या प्लेटा तशाच कोरड्या बसवल्या तर सुरुवातीलाच जळतात, म्हणून आधी तेलात भिजवायच्या. मी परात घेतली.

“अरे, कणकेची परात ती!” आई ओरडली.

“आई, रात्रभर तेलात मुरायला हव्यात गं.”

‘मुरायला’ शब्दानं जादू केली. तिनं चष्मा लावला, परातीत वाकून पाहिलं आणि म्हणाली, “वरची कोरडी राहिलीये. तेल चांगलं बोटभर वर पाहिजे, नाहीतर बुरशी धरते.” वर झाकायला पातळ फडकंही दिलं. सकाळी मी उठायच्या आत तिनं प्लेटा खालीवर करून ठेवल्या होत्या.

बसवणं म्हणजे एक नवी, एक लोखंडी, एक नवी असे थर. खरा छळ शेवटच्या तीन स्प्रिंगांचा. तिन्हींचे स्क्रू सारखे पिळले नाहीत, तर क्लच दाबल्यावर वरची प्लेट एकाच बाजूनं उचलते, भुवई उडवून बघितल्यासारखी. एक अर्धा आटा पिळला की दुसरीकडची भुवई वर. दोन तास आम्ही एकमेकांकडे असे बघत होतो. शेवटी ती सरळ उचलली. केबलला जराशी ढील ठेवली, झाकण लावलं, नवं तेल भरलं.

पुढच्या रविवारी परत पसरणी. मूठ पिळली की गाडी पुढे! चौथ्या वळणावर मी मुद्दाम वेग कमी केला, आरशात बघत राहिलो. पाचगणी आली. एसटी काही आली नाही.