‘जितका खडबडीत, तितका पक्का’? इम्प्लांटच्या पृष्ठभागाविषयी

दातांच्या इम्प्लांटविषयी एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. इम्प्लांट म्हणून जबड्याच्या हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू जितका खडबडीत तितका तो हाडात घट्ट बसतो, गुळगुळीत स्क्रू टिकत नाहीत, आणि खात्री करायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातला फोटो व कंपनीने दिलेला ‘आरए’चा, म्हणजे खडबडीतपणाचा, आकडा पुरतो, असे त्यात म्हटले आहे. असे वाचून लोक जबड्यात काय बसवायचे ते ठरवतात, म्हणून हे लिहितो आहे.

गुळगुळीत टिकत नाही, हे तर सरळ चूक. स्वीडनमध्ये संशोधक ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाला बसवलेले स्क्रू लेथवर कातलेले, आजच्या मानाने गुळगुळीतच होते. ते चाळीस वर्षे टिकले. खडबडीतपणाने हाड लवकर आणि जास्त धरते, हे मात्र खरे. पण त्याला मर्यादा आहे. वेनरबर्ग आणि आल्ब्रेक्टसन या संशोधकांच्या कामात सर्वांत चांगला प्रतिसाद दिसला तो चढउतारांची सरासरी उंची १ ते २ मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असताना. त्यापुढे फायदा वाढत नाही. उलट हिरडी मागे सरून असा पृष्ठभाग उघडा पडला, तर त्यावर जंतूंचा थर सहज बसतो.

फोटोचे म्हणाल, तर त्यात उंची नसतेच. उजेड-सावली दिसते ती उतार, कडा आणि नमुना किती कलता ठेवला यावरून. तोच पृष्ठभाग दोनशे पटीत सपाट दिसतो आणि पाच हजार पटीत डोंगराळ. उंची हवी असेल तर वेगवेगळ्या कोनांतून फोटो घेऊन ती गणिताने काढावी लागते.

खरा घोळ त्या एका आकड्यात आहे. आरए म्हणजे एका रेषेवर मधल्या पातळीपासूनच्या चढउतारांची सरासरी. किसणीवर टोके वर आलेली असतात, टाकी लावलेल्या जात्यावर खड्डे असतात. दोघांचा आरए सारखा येऊ शकतो. हाडाच्या पेशींना मात्र ही दोन वेगळी घरे आहेत. शिवाय आकडा उपकरणाप्रमाणे बदलतो. पृष्ठभागावरून सुई फिरवणाऱ्या यंत्राच्या टोकाची त्रिज्या साधारण २ ते ५ मायक्रोमीटर असते, म्हणून बारीक खड्ड्यांच्या तळाशी ती पोचतच नाही. टोकाने पृष्ठभाग चाचपणाऱ्या अणुबल सूक्ष्मदर्शकाचे टोक कितीतरी बारीक, पण एका वेळी तो साधारण शंभर मायक्रोमीटर बाजूचा चौकोनच पाहतो आणि आट्यांच्या उभ्या उतारावर अडखळतो. प्रकाशलहरींनी मोजणारा प्रकाशीय इंटरफेरोमीटर उंची नॅनोमीटरपर्यंत सांगतो, मात्र प्रकाशाच्या तरंगलांबीमुळे अर्ध्या मायक्रोमीटरहून जवळच्या दोन खुणा त्याला वेगळ्या दिसत नाहीत.

आणि फिल्टर! स्क्रूची गोलाई गणिताने वजा केली नाही, तर तीही खडबडीतपणात मोजली जाते. ५० मायक्रोमीटरचा गाऊसियन फिल्टर, म्हणजे मोठी वळणे गाळून बारीक चढउतारच ठेवणारे गणित, यासाठीच वापरतात. मोजणीही आट्याचा माथा, खाच आणि उतार अशा तिन्ही जागी व्हायला हवी, तीही एकाच बॅचमधल्या निदान तीन इम्प्लांटवर, कारण ब्लास्टिंगचे, म्हणजे पृष्ठभाग खडबडीत करायला जोराने मारलेले, कण खाचेत आणि माथ्यावर सारखे आदळत नाहीत. कंपनीने आकडा दाखवला की उपकरण, फिल्टर आणि जागा विचारा. हे जुळत नसेल तर दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवूच नका.