नऊ पिनांची सोयरीक

यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावाबाहेर रस्त्याला लागून माझा पन्नास टनांचा वजनकाटा आहे. त्यावरचा संगणक बारा वर्षे धूळ, उडता कापूस आणि उंदीर यांच्या संगतीत निमूटपणे नांदला, आणि भादव्यातल्या एका संध्याकाळी वीज कडाडली तेव्हा एकदाच 'टप्' असा आवाज करून त्याने राम म्हटला. हंगाम तोंडावर आलेला होता. मी यवतमाळला जाऊन नवा संगणक घेऊन आलो, तो टेबलावर मांडला, त्याला नारळ फोडला, आणि इंडिकेटरची वायर लावायला मागे वाकलो, तर जिथे ती लावायची ते नऊ पिनांचे टोकच नव्या संगणकाला नव्हते.

काट्याचा कारभार थोडा सांगणे भाग आहे. वाहन लोखंडी प्लॅटफॉर्मवर चढले की खालचे लोडसेल त्या दाबाचे रूपांतर विजेच्या अगदी बारीक फरकात करतात आणि खोलीतला इंडिकेटर तो फरक किलोच्या लाल आकड्यांत दाखवतो. हेच आकडे तो मागच्या सिरियल पोर्टमधून एका पाठोपाठ एक संगणकाकडे पाठवत राहतो. ज्या आरएस-२३२ नावाच्या रीतीने तो बोलतो ती १९६० सालची आहे; नऊ पिनांचे टोक १९८४ च्या सुमारास संगणकांवर आले, आणि १९९६ मध्ये यूएसबी निघाल्यावर हळूहळू घरातल्या म्हाताऱ्यासारखे मागच्या खोलीत गेले. इंडिकेटर बदलावा, तर त्याला वैधमापन खात्याचे सील असते. त्याच्या पोटात हात घालणे म्हणजे सरकारच्या खिशात हात घालणे होय. तेव्हा जुना इंडिकेटर आणि नवा संगणक यांची सोयरीक जुळवण्यासाठी मध्यस्थ आणणे एवढाच मार्ग उरला. दुकानदाराने तो मध्यस्थ, म्हणजे अडॅप्टर, साडेतीनशे रुपयांना दिला. एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला नऊ पिना, मध्ये हातभर निळी वायर, आणि सोबत तळहाताएवढी एक सीडी.

नव्या संगणकाला सीडी घालायची फटच नव्हती.

अमरावतीला शिकणाऱ्या भाच्याला फोन लावला. "मामाजी, सोपं आहे. ड्रायव्हर नेटवरून उतरवून घ्या," तो म्हणाला. ड्रायव्हर म्हणजे अडॅप्टरशी कसे बोलायचे हे संगणकाला शिकवणारा प्रोग्रॅम; सीडीवर तोच होता. आमच्याकडे नेट काट्याच्या खोलीत येत नाही, छतावर येते; त्यामुळे मोबाइल छतावर पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवायचा, त्याचे हॉटस्पॉट खाली झिरपेल अशी आशा धरायची, आणि शिडी चढून-उतरून पाहत राहायचे, असा माझा एक पूर्ण दिवस गेला. ड्रायव्हर उतरला. डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे संगणकाला जोडलेल्या उपकरणांची यादी, उघडला, तर अडॅप्टरच्या नावापुढे पिवळा त्रिकोण आणि खाली मजकूर, की हे उपकरण सुरू होऊ शकत नाही, कोड १०. कोड १ ते ९ काय होते आणि ते आम्ही केव्हा ओलांडले, हे मला कळले नाही.

ही सगळी खटपट आमचे दिवाणजी दारातल्या खुर्चीवरून पाहत होते. ते माझ्या वडिलांच्या काळापासून काट्यावर आहेत. लाल आकड्यांकडे पाहायचे, कानावरचा पेन काढायचा, रजिस्टरात वजन लिहायचे आणि पेन परत कानावर, एवढ्या तीन हालचालींत त्यांचे ते काम होते. "बापू," ते म्हणाले, "काटा त सांगून राह्यला न वजन. मंग हे डब्बं काहून आयकत नाही?" या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला पुढचे चार दिवस लागले.

कोड १० चे कारण भाच्याने शोधून काढले. अडॅप्टरच्या आत एक चिप असते, आणि बाजारातल्या स्वस्त अडॅप्टरमध्ये पुष्कळदा जुनी किंवा चक्क नकली चिप निघते. नवा ड्रायव्हर तिला ओळखतो आणि उंबऱ्यावरूनच परत पाठवतो. जुना ड्रायव्हर मात्र भोळा असतो, तो खानदान न विचारता घरात घेतो. तेव्हा संगणकाने आपणहून आणलेला ड्रायव्हर काढून, यादीतून हाताने जुना निवडायचा. तो निवडताच त्रिकोण गेला आणि अडॅप्टरला कॉम ३ असे नाव मिळाले; कॉम म्हणजे सिरियल पोर्ट आणि पुढे त्याचा नंबर. वजन मात्र आले नाही.

इथे मी एक घोडचूक केली. भोकच खराब असेल असे समजून मी अडॅप्टर काढून शेजारच्या भोकात घातला, मग त्याच्या शेजारच्या, मग पुढच्या बाजूच्या. या जातीचा अडॅप्टर भोक बदलले की संगणकाला अनोळखी पाहुणा वाटतो आणि तो त्याला नवा नंबर देतो. त्यामुळे सहा भोके फिरून होईपर्यंत एकाच अडॅप्टरची कॉम ३ पासून कॉम ८ पर्यंत सहा नावे झाली. आमच्या काट्याच्या जुन्या सॉफ्टवेअरला चारच्या पुढे मोजता येत नाही. पहिले भोक कोणते, हे तोवर मलाही आठवत नव्हते. अखेर डिव्हाइस मॅनेजरमध्ये खोल जाऊन हातानेच कॉम २ असे नामकरण केले. तेव्हापासून उरलेल्या पाच भोकांपैकी माउस आणि कीबोर्डची दोन सोडून तिन्हींत दिवाणजींनी कापसाचे बोळे घट्ट बसवले आहेत, आणि त्याबाबत ते कोणाचे ऐकत नाहीत. दिवाळीला भाचा पेनड्राइव्ह घेऊन आला, त्यालाही त्यांनी हात लावू दिला नाही.

कॉम २ लावताच पडद्यावर काहीतरी आले. ते वजन नव्हते. प्रश्नचिन्हे, अर्धे चौकोन, डोक्यावर टिंबे असलेली परदेशी अक्षरे यांची एक माळ सरसर खाली उतरू लागली. काट्यावर तेव्हा कोणतेच वाहन नव्हते, फक्त एक बकरी उभी होती. दिवाणजींनी बकरी हाकलली. माळ चालूच राहिली.

अडॅप्टर खराब की काटा, हे ठरवण्याची एक परीक्षा भाच्याने सांगितली, आणि या सगळ्या प्रकरणात मला मनापासून आवडलेली गोष्ट तेवढी एकच. नऊ पिनांपैकी दुसरी ऐकण्याची आणि तिसरी बोलण्याची. इंडिकेटरची वायर काढून ठेवायची, या दोन पिना एकमेकींना जोडायच्या आणि कीबोर्डवर काहीतरी टाइप करायचे. अडॅप्टर शाबूत असेल तर टाइप केलेले तसेच परत येते. मी बायकोकडून साडीची पिन मागून आणली. डोळ्यांना चष्मा, चष्म्यापुढे भिंग, दिवाणजींच्या हातात मोबाइलची बॅटरी, अशा थाटात ती पिन वाकवून दोन्ही काड्यांमध्ये अडकवली आणि एक अक्षर दाबले. ते परत आले. मग मी सबंध गावाचे नाव टाइप केले, तेही परत आले. आपणच हाक मारावी आणि आपणच ओ द्यावी, असला हा प्रकार, पण चार दिवसांत मला मिळालेले ते पहिलेच सरळ उत्तर होते. साडेतीनशेचा मध्यस्थ निर्दोष ठरला.

"मग बॉड रेट चुकला," भाचा म्हणाला. बॉड हे नाव एमिल बोदो या फ्रेंच तारयंत्र-अभियंत्यावरून पडले, आणि त्याचा अर्थ बोलण्याचा वेग. हर्रासात अडत्या संथपणे बोली पुकारत असावा आणि ऐकणाऱ्याने त्याचे प्रत्येक अक्षर चार-चार वेळा टिपावे, तर कागदावर जे उतरेल तेच आमच्या पडद्यावर उतरत होते. संगणक ९६०० च्या वेगाने ऐकत होता. काटा कोणत्या वेगाने बोलतो, हे विचारायला काटा बसवणारा मेकॅनिक हवा होता, आणि त्याचा नंबर केव्हाच बंद झाला होता.

"त्याची बाकी आहे न आपल्याकडं लिहिलेली," दिवाणजी म्हणाले. त्यांनी सर्वांत जुने रजिस्टर काढले. शेवटच्या पानावर मेकॅनिकच्या अक्षरात एवढेच होते: '२४०० उलटा'. दिवाणजींनी त्याचा अर्थ असा लावला होता, की हिशेबात दोन हजार चारशे रुपये उलटे निघतात, म्हणजे मेकॅनिककडूनच आपल्याला येणे आहेत. आणि बारा वर्षे दर पाडव्याला ते ही बाकी इमाने-इतबारे नव्या रजिस्टरात उतरवत आले होते. मी धावत जाऊन सॉफ्टवेअरमध्ये २४०० घातले. माळ थांबली. तिच्या जागी स्वच्छ, सरळ सहा शून्ये आली. त्या आनंदात पुढचा शब्द वाचायचा राहून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला मेटाडोर आला. सीतादहीचा, म्हणजे पहिल्या वेचणीचा कापूस, वर ताडपत्री, आणि ताडपत्रीवर मालक स्वतः. मी बटण दाबले, पावती छापली आणि रुबाबात त्याच्या हातात दिली. भरलेले वजन, तेरा हजार चारशे किलो. शेतकऱ्याने पावती दोनदा वाचली, माझ्याकडे पाहिले, पावतीची घडी घातली आणि एक शब्द न बोलता मेटाडोर घाईघाईने जिनिंगकडे नेला. असे समाधान मी या तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर पुष्कळ वर्षांत पाहिलेले नाही.

तासाभराने मेटाडोर रिकामा होऊन आला. मी पुन्हा बटण दाबले. रिकामे वजन, पंधरा हजार दोनशे किलो. संगणकाने वजाबाकीही करून ठेवली होती: निव्वळ कापूस, वजा अठराशे किलो.

"म्हंजे?" शेतकरी म्हणाला. "कापूस माहा गेला, अन् वरून अठरा क्विंटल माह्याकडंच निघून राह्यला? सोसायटीचं कर्ज हायेच भाऊ, आता काट्याचंबी झालं काय?"

दिवाणजींनी आपले रजिस्टर पुढे सरकवले. त्यात लाल आकड्यांवरून उतरवलेले वजन होते: भरलेले ४३१०, रिकामे २५१०, निव्वळ १८००. मी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि बराच वेळ पाहत बसलो. मग ००४३१० हा आकडा उजवीकडून डावीकडे वाचला, आणि अंगावर काटा आला. काही इंडिकेटर आधी एककाचा आकडा पाठवतात आणि लाखाचा शेवटी. ऐकणाऱ्याने ते उलटून घ्यायचे असतात. जुन्या संगणकात तशी खूण करून ठेवलेली होती आणि ती त्याच्याबरोबरच विजेत गेली होती. सॉफ्टवेअरच्या तिसऱ्या पानावर, अगदी तळाशी, एक छोटा चौकोन होता. त्यात टिचकी मारली, नवी पावती छापली आणि ती शेतकऱ्याला दिली. त्याने अठरा क्विंटल वाचले, मान डोलावली आणि हात पुढे केला. "ते सकाळचीबी राहू द्या माह्यापाशी. घरी दाखवतो."

दिवाणजी तोवर जुने रजिस्टर उघडून बसले होते. "म्हणजे हे रुपये नव्हते?" त्यांनी विचारले. मी नाही म्हणालो. त्यांनी कानावरचा पेन काढला, '२४०० उलटा' या शब्दांवर रेघ मारली, मग चालू रजिस्टरातली बाकी शोधून तिच्यावरही मारली, आणि थोड्या वेळाने म्हणाले, "बिचाऱ्याले बारा वर्षं मनातल्या मनात लय बोललो मी."